साडेआठपर्यंत हात लावू नये

माझ्या गाडीवर पाणी थांबत नाही. तांब्याभर ओतलं तरी त्याचे गोल गोल थेंब होतात आणि बॉनेटवरून घरंगळत खाली जातात. फक्त एका जागी, डाव्या कोपऱ्यात, तळहाताएवढ्या ठिकाणी थांबतं, ते का ते पुढे सांगते. गल्लीतले लोक बघायला उभे राहतात आणि विचारतात, कुठून करून घेतलं? मी म्हणते, घरीच केलंय. मग त्यांचं तोंड पडतं. घरी केलेलं काम चांगलं निघू शकतं यावर हल्ली कुणाचा विश्वासच राहिलेला नाही.

बाबा गेल्यावर आठ महिने आई या गाडीत बसली नाही. बाजारात चालत जायची. डोळे तपासायला बसने गेली. एकदा पाय मुरगळला तरी टॅक्सी करून आली आणि मी दारात गाडी पुसत असताना माझ्यासमोरून लंगडत आत गेली. विचारलं की म्हणायची, "मला गाडीत मळमळतं." बाबांच्या मालकाच्या खटारा व्हॅनमध्ये, थिनरच्या डब्यांच्या शेजारी बसून हिने अर्धं आयुष्य प्रवास केला, तेव्हा नाही मळमळलं. मला कळत होतं, तिच्या मनात माझ्याबद्दल काहीतरी बसलंय. काय ते कळत नव्हतं, आणि तोंड उघडून विचारायची माझी हिंमत नव्हती. एरवी मी कुणाच्या बापाला घाबरत नाही.

माझे बाबा गाड्या रंगवायचे. चौतीस वर्षं एकाच गॅरेजात. सगळे त्यांना मिस्त्री म्हणायचे, शेजारीपाजारीही, आणि आईही रागावली की, "मिस्त्री, जेवायला या," असंच म्हणायची. रंगकामात सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे बोट. माणसाला ओला रंग दिसला की वाळलाय का बघायला बोट लावायचंच असतं. त्यावर बाबांचा एक उपाय होता. पत्रा रंगवून झाला की कागदी टेपची एक पट्टी फाडायची, पेन्सिलीने त्यावर वेळ लिहायची आणि डोळ्यांसमोर चिकटवायची. 'पाचपर्यंत हात लावू नये.' त्या पट्टीला गॅरेजचा मालकसुद्धा वचकून असायचा. पेन्सिल कायम त्यांच्या शर्टाच्या खिशात. त्या खिशांना आतून काळे डाग पडलेले असायचे आणि आई प्रत्येक धुण्याला त्यांचा उद्धार करायची.

ती पट्टी पुढे घरात शिरली. पुसलेल्या फरशीवर पट्टी. सरस लावून चिकटवलेल्या खुर्चीच्या पायाला पट्टी. मी तान्ही असताना पाळण्यालाही होती म्हणे, 'चारपर्यंत उठवू नये.' आत्या पावणेचारला आली, पट्टी वाचली आणि तशीच दाराबाहेर जाऊन उभी राहिली, चार वाजल्यावर आत आली. आमच्या घरात देवाचा शब्द एक वेळ मोडला असता, टेपचा नाही.

या टेपमागे एक लबाडी होती, ती त्यांनी मला मी बारा वर्षांची असताना शिकवली. "पोरी, रंगाला तीन तास लागत असतील ना, तर टेपवर सहा लिहायचे. लोक निम्म्यातच येऊन बोट लावतात. मग बोट बरोबर वाळल्यावर लागतं." मला हे इतकं आवडलं की मी आयुष्यभर तेच करत आले. चष्म्याच्या दुकानात मी काचा घासून फ्रेममध्ये बसवते. चष्मा चार दिवसांत होणार असेल तर गिऱ्हाइकाला आठ सांगते. बाबांचा हा एक धडा मी पुरता गिरवलाय.

गाडी मी घेतली ती अडतिसाव्या वर्षी. गडद निळी, जुनीच, पण अंगाने धड. लग्न मोडून घरी परत आले होते त्याला सहा वर्षं झाली होती, आणि त्या सहा वर्षांत माझी स्वतःची म्हणावी अशी ही पहिली वस्तू. बाबांनी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, दारावरून हात फिरवला आणि म्हणाले, "रंग मूळचाच आहे. जीव आहे अजून." मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांनी गाडी चालवणं सोडलं होतं आणि बारीक अक्षर त्यांना दिसत नव्हतं, पण रंग मूळचा की मागाहून मारलेला, हे त्यांना हाताला कळायचं.

त्यावर कोटिंग करायचं मी ठरवलं. छोटी काचेची बाटली, आत पाण्यासारखं औषध. रंगावर त्याचा काचेसारखा पातळ थर बसतो आणि काही वर्षं ऊन, धूळ, पक्ष्यांची घाण अंगाला लावून घेत नाही. बाबांना हे पटलं नव्हतं. "आम्ही रंग मारायचो तो काय उघडा पडायचा होय?" पण पहाटे साडेपाचला मी घराखालच्या गाडीच्या खोलीचं शटर उघडलं तेव्हा बाबा आधीच स्टूल घेऊन हजर. अंघोळ करून, भांग पाडून.

आदल्या दिवशीच आम्ही गाडी धुवून, तिच्यावर मातीची वडी फिरवून रुतलेले कण काढले होते आणि मशीनने पॉलिशही करून घेतली होती. सकाळचं काम फक्त कोटिंगचं. स्पंजाच्या ठोकळ्यावर छोटं फडकं गुंडाळायचं, त्यावर चार थेंब टाकायचे, हातभर जागेत आधी आडवे, मग उभे हात मारायचे. मिनिटभरात त्यावर तेलाच्या तवंगासारखे रंग उमटतात. ते उमटले की लगेच पुसायचं, पुन्हा दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसायचं. उशीर झाला तर डाग तिथेच घट्ट बसतो. बाबा बॅटरी तिरकी धरून राहिलेले डाग दाखवत होते.

"इथे बघ."

"पुसलंय तिथे."

"फोरमनबाई, माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, तुमच्या नाही झालेलं. पुसा."

पुसलं. होता डाग. मग ते हसले आणि आईला हाक मारून सांगितलं की पोरीचा हात माझ्यापेक्षा बरा आहे, फक्त तोंड तुझ्यावर गेलंय. आईने आतूनच काहीतरी सुनावलं. मला त्या सकाळी फार बरं वाटत होतं. लहानपणी गॅरेजात त्यांचा डबा घेऊन जायचे आणि ते मला लांब उभं करायचे, ओल्या रंगाला धूळ नको म्हणून. आता ते स्टुलावर होते आणि काम माझ्या हातात होतं.

साडेआठला शेवटचं दार झालं. बाबांनी खिशातली पेन्सिल माझ्यापुढे धरली.

"लिही. तुझं काम, तुझी टेप."

मी बाटली उचलून बघितली. वर लिहिलं होतं, सहा तास पाणी लागू देऊ नका, गाडी बाहेर काढू नका. मी सवयीने दुप्पट केले आणि पट्टीवर लिहिलं, 'रात्री साडेआठपर्यंत हात लावू नये.' शटर ओढून घेतलं आणि बाहेरच्या बाजूला, छज्ज्याखाली पट्टी चिकटवली. बाबांनी अक्षर लांब धरल्यासारखं मान मागे घेऊन वाचलं.

"बाटलीवर बारा तास लिहिलेत?"

"हो, बारा."

का खोटं बोलले? काही कारण नव्हतं. सहा म्हणाले असते तर, बाटलीवर भरवसा ठेवू नको, हवा बघ, यावर त्यांचं अर्धा तास प्रवचन झालं असतं आणि मला दुकानात जायचं होतं. शिवाय त्यांचीच लबाडी त्यांच्यावर चालते का ते बघायची गंमत वाटली. चालली. "असेल बाई," ते म्हणाले, "तुमच्या या नव्या औषधांतलं मला काय कळतंय." संध्याकाळी सांगून त्यांना चिडवायचं, असं ठरवूनच मी बसने दुकानात गेले.

दुपारी पाऊस आला. साडेतीनला दुकानात फोन आला. आई म्हणाली, ह्यांच्या छातीत दुखतंय, टॅक्सीने हॉस्पिटलला निघालोय. मालकाने मला स्कूटरवरून सोडलं. मी पोचले तेव्हा त्यांना आत नेलं होतं. पावणेपाचला ते गेले. डॉक्टर तरुण होते, कागदावर काहीतरी लिहीत लिहीत म्हणाले, "पाऊण तास आधी आणलं असतं तर..." आणि माझ्याकडे बघून त्यांनी कागद उलटला. मी आईला विचारलं, "गाडी होती ना गं घरी? शेजारचे ड्रायव्हरकाका?" आई भिंतीकडे बघत म्हणाली, "ते घरी नव्हते. दुसरं कोण चालवणार होतं?"

मग ती ड्रायव्हरकाकांबरोबर बाबांचे कागद आणायला घरी गेली. तासाभराने परत आली. तेव्हा काका कुठून उगवले हे विचारायचं माझ्या डोक्यात आलं नाही. डोकं जागेवर होतंच कुठे?

पुढे बऱ्याच दिवसांनी लक्षात आलं की शटरवरची टेप नाही. पावसाने सुटली असेल म्हणून सोडून दिलं.

गाडी मात्र मी राखली. दर दुसऱ्या रविवारी. दोन बादल्या, एक साबणाच्या पाण्याची आणि एक नुसत्या पाण्याची, म्हणजे हातमोज्याला लागलेली माती परत गाडीवर जात नाही. छपरापासून खाली यायचं. चाकं शेवटी. जाड टॉवेल नुसता टेकवून पाणी टिपायचं, घासायचं नाही. तीन महिन्यांनी वरून एक फवारा मारायचा, थर ताजा राहतो. हे सगळं मी ज्या भक्तीने करायचे तेवढी भक्ती मी लग्नात केली असती तर बरं झालं असतं, असं आई एकदा म्हणालीही असती, पण ती आता टोमणे मारत नव्हती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची आणि मी वर बघितलं की बाजूला व्हायची. मला वाटायचं, बाबांनी शेवटचं मन लावून केलेलं काम हे. ते माझ्या हातून खराब होता कामा नये. बस, एवढंच धरून मी ते आठ महिने काढले.

मागच्या महिन्यातल्या एका रविवारी मी धुवत होते. ड्रायव्हरकाका चहाचा कप घेऊन फाटकाशी आले. बाबांचे जुने दोस्त. आयुष्यभर कुणा ना कुणा साहेबाची गाडी चालवली आणि आता निवृत्त होऊन सगळ्या गल्लीच्या गाड्या कशा चुकीच्या लावल्या आहेत ते बघत फिरतात. मी पाइपने बॉनेटवर पाणी सोडलं. पाणी पळालं, मागे थेंबही राहिला नाही.

"वा," काका म्हणाले. "मिस्त्रीने हे बघायला हवं होतं." मग चहाचा घोट घेऊन स्वतःशीच म्हणावं तसं म्हणाले, "एवढ्यासाठीच तर थांबला बिचारा."

मी पाइप बंद केला.

"थांबले म्हणजे?"

काका कपात बघायला लागले.

"काका, तुम्ही त्या दिवशी घरी नव्हतात ना?"

"मी कधी घरी नसतो? मला कोण विचारतंय बाहेर?" असं ते बोलून गेले आणि मग त्यांच्या लक्षात आलं. चेहराच उतरला त्यांचा. "आईने सांगितलं नाही तुला?"

"तुम्ही सांगा."

त्यांनी कप फाटकाच्या खांबावर ठेवला आणि सांगितलं. अडीचच्या सुमाराला बाबांच्या छातीत कळ आली. आई पावसात पळत त्यांच्याकडे गेली. काका पावणेतीनला आमच्या दारात होते. "मी घड्याळ बघितलं होतं," म्हणाले, "ड्रायव्हरची सवय." त्यांनी किल्ली मागितली. आईने किल्ली हातात दिलीसुद्धा. आणि बाबा छज्ज्याखाली स्टुलावर बसले होते, घामाने भिजलेले, ते म्हणाले, गाडी नाही काढायची.

"मी म्हटलं, येडा झालास काय मिस्त्री? तर म्हणे, ओली आहे. पोरीने साडेआठ लिहिलंय. पाऊस लागला तर थेंबाचे डाग पडतील, पोरीची पहिली गाडी आहे. गॅस झालाय नुसता, टॅक्सी बोलव. मी शटरला हात घातला तर माझ्यावर खेकसला गं. त्या अवस्थेत खेकसला. मग मी टॅक्सीला फोन केला. पावसात मिळेना. साडेतीन वाजले यायला." काकांनी नाक पुसलं. "मी ऐकायला नको होतं त्याचं. पण चाळीस वर्षं त्याची टेप मानली होती मी. सवय, दुसरं काय?"

पावणेतीन. मी रोज मिलिमीटरचे भाग मोजून काचा घासते, मला हिशोब करायला वेळ लागत नाही. सकाळी साडेआठ आणि सहा तास, अडीच. काकांनी शटरला हात घातला तेव्हा गाडी वाळून पाव तास झाला होता. आणि समजा नसती वाळली, तर काय झालं असतं? चार डाग पडले असते. मशीनने दहा मिनिटांत काढले असते.

माझे वडील माझ्या अक्षरासाठी थांबले. आणि अक्षर खोटं होतं.

मी आत गेले, पॉलिशचं मशीन काढलं. पॅडवर खरखरीत कंपाउंड ओतलं, सगळ्यात जाड होतं ते. ते कोटिंग मला त्या गाडीवर नको होतं. एक कणही नको होता. काका काहीतरी म्हणत होते, "अगं, अगं," असं, मी ऐकलं नाही. बॉनेटच्या डाव्या कोपऱ्यात मशीन टेकवलं आणि सुरू केलं. एवढा राग मला माझ्या नवऱ्याचाही कधी आला नव्हता. बाबांचा आला होता. त्या स्टुलाचा, त्या पेन्सिलीचा, बारा वर्षांच्या पोरीला लबाडी शिकवणाऱ्या माणसाचा. आणि मी मोठ्याने रडत होते, मशीनच्या आवाजात मला ते ऐकू येत नव्हतं.

मग मशीनसमोर एक हात आला. ओला, पिठाने भरलेला, पाची बोटं पसरून बॉनेटवर ठेवलेला. आईचा. आठ महिन्यांत तिने गाडीला पहिल्यांदा हात लावला.

मी मशीन बंद केलं. "हात काढ, आई."

"नाही काढत."

"मला कळलंय सगळं. काकांनी सांगितलं."

तिने काकांकडे बघितलं. काका कप तिथेच टाकून निघून गेले.

"का नाही सांगितलंस मला?"

"सांगून काय केलं असतंस? हेच केलं असतंस." तिने मशीनकडे बोट दाखवलं. "ते त्याच्यासाठी थांबले आणि तू ते घासून टाकतेस?"

"माझ्यामुळे थांबले!"

"तुझ्यामुळे नाही, स्वतःच्या हट्टाने थांबले. माझ्या हातात किल्ली होती. मी काय केलं? मी ती टेप वाचत उभी राहिले." आईचा आवाज फाटला. "एवढी वर्षं त्या पट्ट्या मानल्या मी. फरशी वाळेपर्यंत उंबऱ्यात उभी राहिले. एकदा, एकदा तरी फाडून टाकायला हवी होती की नको? ह्यांचं ऐकायची सवय लागली होती गं. म्हणून मी या गाडीत बसत नाही. तुझा राग नाही आला मला. गाडीला पाठ टेकली की मला किल्ली हातात असल्यासारखी वाटते."

मला काय वाटलं ते मी सरळ सांगते. मला आधी सुटल्यासारखं वाटलं, की ती माझ्यावर रागावलेली नव्हती. दुसऱ्याच क्षणी स्वतःची शिसारी आली.

आई आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. ती परत आली तेव्हा तिच्या हातात बाबांच्या चष्म्याचं घर होतं. त्याच्या झाकणाला आतून टेप चिकटवलेली होती.

"कागद आणायला घरी आले ना त्या दिवशी," ती म्हणाली, "तेव्हा पहिल्यांदा ही काढली. तुझ्या डोळ्यांसमोर नको म्हणून. कागद नंतर शोधले."

नवरा तासाभरापूर्वी गेलेला, आणि ही बाई पावसात उभी राहून शटरवरची टेप काढत होती, फाटू नये म्हणून नखाने हळूहळू. मुलीला दोष लागू नये म्हणून. आणि मी आठ महिने तिला कसली कसली नावं ठेवली होती मनात.

मी टेप वाचली. वर माझं अक्षर, 'रात्री साडेआठपर्यंत हात लावू नये.' त्याखाली पेन्सिलीनेच दुसरी ओळ होती. ती ओळ मी कधी बघितलेली नव्हती. अक्षर बाबांचं, वाकडं, शेवटी शेवटी खाली घसरलेलं.

'पाऊस आहे. उद्या सकाळपर्यंत.'

"मी चपला आणायला आत गेले होते," आई म्हणाली. "टॅक्सी वळणावर दिसत होती. बाहेर येऊन बघते तर हे शटरला टेकून उभे, पेन्सिल खिशात ठेवत होते. मला वाटलं, उभं राहवत नाहीये म्हणून टेकलेत. काय लिहिलं ते मी परत आल्यावर वाचलं."

दमट हवेत रंग उशिरा वाळतो. त्यांच्या रंगाचा तो नियम होता. या औषधाला तो लागूही नव्हता. वाळलेल्या गाडीवर त्यांनी माझी वेळ आणखी वाढवून दिली, त्यांच्या पद्धतीने, दुप्पट. ती त्यांनी लिहिलेली शेवटची ओळ.

आम्ही दोघी गाडीला टेकून खाली फरशीवर बसलो. फरशी ओली होती. मला वाटलं, आता सांगून टाकावं. तिने तिच्याकडचं सगळं सांगितलं होतं, माझ्याकडचं तेवढं राहिलं होतं. सहा तास. मी तोंड उघडलंच होतं.

"एक विचारू?" आईच म्हणाली. तिने टेपवर बोट ठेवलं होतं, माझ्या ओळीवर. "मला रात्री झोपताना सारखं मनात येतं. हे औषध वाळायला खरंच किती वेळ लागतो गं?"

तिने माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत असं काही होतं की ते मी पुन्हा बघू शकणार नाही. तिला उत्तर हवं होतं आणि उत्तराची भीतीही होती.

"बारा तास," मी म्हटलं.

"खरंच बारा?"

"बाटलीवर लिहिलंय."

आईने लांब श्वास सोडला. मान हलवली. "मग ह्यांचं बरोबरच होतं," ती म्हणाली. "म्हणजे उगाच नाही थांबले."

ती उठली, पदराला हात पुसले आणि गाडीचं पुढचं दार उघडून आत बसली. चष्म्याचं घर मांडीवर धरलं. बॉनेटवर तिच्या पिठाचा पंजा उमटला होता, आणि डाव्या कोपऱ्यात मी घासलेल्या जागी पाणी साचून राहिलं होतं.

"बघत काय उभी आहेस?" ती आतून म्हणाली. "ने की एक चक्कर मारून."

मी मशीनची वायर गुंडाळून ठेवली, किल्ली आणली आणि तिच्या शेजारी बसले. गल्लीच्या टोकाला वळताना ती खिडकीबाहेर बघत होती. तिने काही विचारलं नव्हतं, तरी मी पुन्हा एकदा म्हटलं, "बारा तास लागतात, आई."